आतड्यांतील पाण्याचा ताळेबंद

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने शरीरशास्त्रावर लिहिण्याचा त्याला अधिकार नाही. तथापि, आमच्या डॉक्टरांनी समजावून दिलेला एक जमाखर्च सन्माननीय सभासद व देणगीदारांपुढे ठेवावासा वाटतो.

निरोगी प्रौढ व्यक्ती दिवसाकाठी अन्नपाण्यातून सुमारे २ लिटर द्रव घेते. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस व आतड्यांतील स्राव मिळून आणखी सुमारे ७ लिटर द्रव शरीर स्वतःच अन्नमार्गात ओतते. त्यांतील विकरांमुळे पिष्टमय पदार्थांचे ग्लुकोज व प्रथिनांची अमिनो आम्ले होतात आणि लहान आतडे ती शोषून घेते. त्यांच्यासोबत पाणीही परत येते. या ९ लिटरपैकी मलावाटे जाते ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. इतकी काटेकोर वसुली मी कोणत्याही पेढीत पाहिलेली नाही!

कॉलऱ्यात हा हिशेब कोलमडतो व काही तासांत रुग्ण दगावू शकतो. मात्र ग्लुकोज व सोडियम यांना जोडीने आत घेणारे आतड्यातील द्वार तेव्हाही चालू राहते, आणि पाणी त्यांच्यामागोमाग जाते. या द्वाराची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत कॉलरा पसरला व सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

असे असूनही आमच्या खिडकीवर पहिली मागणी येते ती “आधी सलाईन लावा” हीच. क्षारसंजीवनीचे एक लिटरचे पाकीट एका पेल्यात कालवून बाळाला पाजणारे पालकही भेटतात. त्यांचा हेतू चांगला असला तरी असे अतिक्षारयुक्त पाणी अपायकारक ठरते. पाकिटावर लिहिलेले पाण्याचे प्रमाण तंतोतंत पाळावे. पाकीट नसल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट द्यावे. चवीसाठी साखर वाढवू नये, जुलाब वाढतात. अंगावरचे दूध चालू ठेवावे. मूल सुस्तावले, त्याला पिता येईना, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर मात्र घरी न थांबता त्याला तत्काळ रुग्णालयात आणावे. अनामत रकमेचे नंतर पाहता येईल.