नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात पक्षी पाहायला जाताना

काय करावे

• अभयारण्यात प्रवेश सुरू होताच आत जा. क्रौंचांचे थवे सकाळीच पाण्यावरून शेतांकडे निघतात.
• कानटोपी घ्या आणि कपडे एकावर एक घाला. निफाड तालुक्यातली इथली पहाट गोठवते, दुपारी मात्र ऊन चटकते.
• मातकट किंवा शेवाळी रंगच वापरा.
• गावातला गाइड सोबत घ्याच. पाणी कुठवर उतरले आणि थवे कुठे सरकले, हे त्यालाच ठाऊक असते.
• सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा. उजेड समोरून आला की चक्रांग आणि भुवई बदक सारखेच काळे दिसतात.
• थापट्यांचा घोळका पाण्यात गोल गोल फिरताना दिसला, तर थांबून पाहा. ढवळून वर आलेले खाद्य ते फावड्यासारख्या चोचीने गाळत असतात.
• बदके एकाएकी उठली, तर आधी पाणकणसावर नजर फिरवा. बहुतेकदा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी येत असतो.
• चिखलाच्या कडेला स्वस्थ बसा. निळ्या गळ्याचा शंकर शेपटी उडवत क्षणभर बाहेर येतो आणि पुन्हा गवतात शिरतो.
• पाण्यावर चकाकी चढली की झाडीकडे वळा. ढोलीच्या तोंडाशी पिंगळा ऊन खात बसलेला असतो.
• बांधावरून जाण्याआधी मळेवाल्याला विचारा.
• पायात किंवा मानेत क्रमांकाची पट्टी असलेला पक्षी दिसला, तर क्रमांक, जागा आणि वेळ टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला (बीएनएचएस) कळवा.
• झुडपांत अडकलेला मांजा गुंडाळून सोबत न्या, संक्रांतीनंतर तर न चुकता.

काय टाळावे

• सुकल्यासारख्या दिसणाऱ्या काळ्या गाळावर पाय टाकू नका. वर पापुद्रा, खाली चिखल.
• थव्याने माना उंचावल्या की पुढे सरकू नका; हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकादंबांना फोटोसाठी उडवणे अक्षम्य आहे.
• मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, एकदाही नाही.
• पिंगळ्याला हलवण्यासाठी खोडावर काठी मारू नका. फ्लॅश तर नकोच.
• पाणकणीस तुडवू नका. आत जांभळ्या पाणकोंबड्यांचा आडोसा आहे.
• हॉर्न वाजवू नका, गाडीची दारे आपटू नका.
• ड्रोन आणू नका.
• फरसाण, पाव, बिस्किटे पाण्यात टाकू नका.
• चॉकलेटचा कागदही मागे ठेवू नका. २०१९ पासून हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.
• घुबडाची नेमकी जागा व्हॉट्सॲपवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते.
• ओळख पक्की नसेल, तर यादीत नाव लिहू नका. चुकीच्या नोंदीपेक्षा कोरी जागा बरी.
• मेलेला पक्षी हातात घेऊ नका, वनरक्षकाला बोलवा.
• दिवेलागणीनंतर उसाच्या कडेने पायी फिरू नका. या पट्ट्यात बिबटे आहेत.