रेड क्लाउड आणि फोर्ट लॅरामीचा करार

प्रस्तुत लेखात आपण अमेरिकेतील लाकोटा जमातीचे नेते रेड क्लाउड यांच्या जीवनाचा थोडक्यात अभ्यास करणार आहोत. त्यांच्या भाषेत त्यांचे नाव मख्पिया लुटा, म्हणजे तांबडा ढग. भारत समजून कोलंबस भलत्याच किनाऱ्यावर उतरला आणि तेथील मूलनिवासींना 'इंडियन' हे नाव चिकटले. आम्ही येथे त्यांना त्यांच्याच नावाने, लाकोटा म्हणून संबोधणार आहोत.

रेड क्लाउड यांचा जन्म इ.स. १८२१ च्या सुमारास ओग्लाला शाखेत झाला. रानगव्यांचे कळप हाच लाकोटांच्या जीवनाचा आधार होता. मांस खावे, कातड्याचे तंबू उभारावेत. मोंटानात सोने सापडल्यावर गोऱ्यांनी या शिकारीच्या मुलखातूनच वाट पाडली. जून १८६६ मध्ये फोर्ट लॅरामी येथे त्या वाटेच्या परवानगीची बोलणी चालू असतानाच किल्ले बांधणारे सैन्य येऊन दाखल झाले! रेड क्लाउड संतापून उठून गेले. त्यानंतर दोन वर्षे संघर्ष चालला. २१ डिसेंबर १८६६ रोजी कॅप्टन फेटरमनसह ८१ जण मारले गेले. अखेर सरकारने माघार घेतली. तरीही किल्ले प्रत्यक्ष रिकामे होईपर्यंत रेड क्लाउड यांनी करारास मान्यता दिली नाही. नोव्हेंबर १८६८ मध्ये त्यांनी कागदावर फुली केली. आपल्याकडे अंगठा, तिकडे फुली, एवढाच काय तो फरक.

कागदात काय लिहिले आहे, हे त्यांना १८७० साली वॉशिंग्टनला गेल्यावर नीट समजले. दुभाष्यांनी ही कलमे आपल्याला सांगितलीच नव्हती, असे त्यांनी तेथे स्पष्ट बजावले. मात्र त्याच करारात १२ वे कलमही होते: तीन-चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्यांशिवाय राखीव भूमीचा कोणताही भाग देता येणार नाही.

त्या भूमीत लाकोटांना पवित्र असलेले काळे डोंगर होते. १८७४ मध्ये तेथे सोने सापडले. १८७६ च्या युद्धात रेड क्लाउड उतरले नाहीत. यावरून त्यांना भित्रे ठरविणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. गोऱ्यांची शहरे आणि शस्त्रे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्या वर्षी 'डोंगर द्या, नाहीतर शिधा बंद' असा पेच टाकला गेला आणि उपाशी लोकांसाठी रेड क्लाउड यांनाही मान्यता द्यावी लागली. तरी एकूण सह्या जेमतेम दहा टक्केच भरल्या. १८७७ मध्ये सरकारने कायदा करून डोंगर घेतलेच.

पुढे पाइन रिज येथे त्यांनी मुलांच्या शाळेचा आग्रह धरला. १८८८ साली जेझुइट मिशनऱ्यांनी ती सुरू केली. अशा वसतिशाळांतून मुलांची भाषा हिरावली जाई, हेही विसरता येत नाही; आज त्याच शाळेत लाकोटा भाषा शिकविली जाते. १० डिसेंबर १९०९ रोजी रेड क्लाउड यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात लाकोटांनी त्या १२ व्या कलमाच्या आधारे अनेक दशके दावा लढविला. ३० जून १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा निकाल कायम केला. 'डोंगर विकायचे नाहीत' असे सांगून लाकोटांनी ती नाकारली. व्याजासह एक अब्ज डॉलरच्या वर गेलेली ती रक्कम अद्याप कोणी उचललेली नाही.