पलटणींचीं जुनीं निशाणें व त्यांच्या रक्षणाचा खर्च

दरवर्षीं ७ डिसेंबर रोजीं आपले विद्यार्थी तांबड्या, गडद निळ्या व फिक्या निळ्या पट्ट्यांचें चिमुकलें निशाण छातीवर टांचतात आणि डब्यांत पैसे टाकतात. १९४९ सालापासून चालत आलेल्या या ध्वजदिनाचा निधि माजी सैनिक व त्यांचीं कुटुंबें यांच्याकडे जातो, आणि तो तिकडेच जावा. परंतु रणांगणावर प्रत्यक्ष फडकलेल्या निशाणांचें पुढें काय होतें, हा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तो आज करूं.

पलटणीचें निशाण म्हणजे रेशमी वस्त्र. धुराच्या लोटांत आपली पलटण कोठें आहे हें शिपायास त्याच्यावरून कळे. आणि जेथें ती पराक्रमानें लढली, त्या गांवांचीं नांवें त्यावर लिहिलीं जात. मुंबईच्या कांहीं पलटणींस ‘खडकी’ (५ नोव्हेंबर १८१७) व ‘कोरेगांव’ (१ जानेवारी १८१८) हीं नांवें मिळालीं होतीं. दोन्ही रणांत मराठी बोलणारे दोन्ही बाजूंस होते. स्वातंत्र्यानंतर, आपल्याच देशबांधवांवरील असे विजय नव्या निशाणांवर मिरवावयाचे नाहींत, असें ठरलें. तें योग्यच झालें. पण मग तीं नांवें पाहावयाचीं तर जुन्या कापडावरच. म्हणून तें कापड जपण्यांत आपलाहि संबंध आहे, मग तें कोणाच्याहि राज्यांतील असो.

२३ नोव्हेंबर १९५० रोजीं, भारत प्रजासत्ताक झाल्याच्या वर्षींच, तेहतीस पलटणींचीं राजाच्या नांवचीं निशाणें डेहराडूनच्या सैनिकी विद्यालयांत, चेटवूड हॉलमध्यें, समारंभानें ठेवण्यांत आलीं. इतकें दूर कशास? आपल्या जेऊरहून पुण्यास गेलें कीं पुढें खडकी लागते. तेथील ख्राइस्ट चर्चच्या पश्चिम दरवाजावर २३ व्या मुंबई पलटणीचीं दोन निशाणें लावलीं असल्याचें इंग्रजी अमदानींतील प्रवासग्रंथांत नमूद आहे. देवळांत टांगलेलें निशाण आपोआप झिजून धूळ होऊं द्यावें, असा इंग्रजांचा जुना रिवाज. रिवाज भारदस्त खरा, परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्यास तो परवडणारा नाहीं.

रेशीम कशानें मरतें हें सोलापूर जिल्ह्यांतील विणकरांच्या मुलांस निराळें सांगावयास नको. उजेडानें धागा ठिसूळ होतो. धूळ त्यांत बारीक काचेसारखी घासते. आणि टांगून ठेवलेलें वस्त्र स्वतःच्याच भारानें फाटतें. रंगानें अक्षरें काढलीं असलीं, तर तो भाग ताठर होऊन प्रथम तडकतो. भाबडी दुरुस्तीहि पुढें महाग पडते. अमेरिकेंत १८१४ सालच्या किल्ल्यावरील एका प्रसिद्ध निशाणास १९१४ साली तागी कापडाचें अस्तर लावलें गेलें, त्यास सुमारें १७ लाख टांके पडले. १९९९ साली तेच टांके एकेक करून कातरावे लागले! यावरून खर्च कशाचा, हें ध्यानांत येईल. तो कापडाचा नव्हे. शिकलेल्या हातांच्या सावकाश कामाचा आहे.

असा पैसा उभा कसा करावा? पुतळ्यास वर्गणी मिळते, कारण तो चौकांत दिसतो. पण अंधाऱ्या खणांत सपाट पसरलेलें जीर्ण वस्त्र कोणास दाखवावें? अमेरिकेच्या मिशिगन प्रांतानें यावर एक युक्ति योजिली. तेथें जुन्या युद्धांतील सुमारें २४० निशाणें आहेत. एक हजार डॉलर देणाऱ्या मंडळीनें त्यांपैकीं एक निशाण ‘दत्तक’ घ्यावयाचें. एकट्यास न झेपणारी रक्कम दहाजणांनीं, एखाद्या शाळेनें मिळून द्यावी. आम्हांस ही रीत पसंत आहे; कारण ‘वारसा वांचवा’ अशा मोघम हांकेस आपल्याकडील पालक फारसे फसत नाहींत, आणि न फसणेंच बरें. अमुक पलटणीचें अमुक निशाण, त्यास इतकें लागेल, असें सांगितलें म्हणजे हात खिशाकडे जातो.

मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत जुन्या वस्तूंच्या रक्षणाची स्वतंत्र कर्मशाळा आहे. सहलीस जाणाऱ्या वर्गानें तेथें अवश्य चौकशी करावी. आणि कोणाच्या घरीं आजोबांच्या पलटणीचें एखादें निशाण अथवा पट्टा असेल, तर तो धुऊं नये, इस्त्री करूं नये, चिकटपट्टी तर मुळींच लावूं नये. घडी न घालतां, आम्लरहित कागदांत गुंडाळून, अंधाऱ्या कोरड्या जागीं ठेवावा. एवढ्यास वर्गणी लागत नाहीं.