धावणे आणि थांबणे

१९ एप्रिल १८८१. फ्रान्सची राजधानी पॅरिस. तेथील एका रस्त्यावर त्या दिवशी एक विलक्षण वाहन धावताना लोकांनी पाहिले. ती तीन चाकांची सायकल होती. परंतु तिच्यावर बसलेला मनुष्य पाय हलवीत नव्हता. तिला घोडा जुंपलेला नव्हता, मागून कोणी ढकलीत नव्हते आणि धुराचा तर मागमूसही नव्हता. तरीही ते वाहन झपझप चालणाऱ्या माणसाच्या दुप्पट, म्हणजे ताशी सुमारे १२ किलोमीटर वेगाने चालले होते. ती विजेवर चालणारी सायकल होती!

ती सिद्ध करणाऱ्या कारागिराचे नाव गुस्ताव्ह त्रुव्हे. त्याचा जन्म १८३९ साली झाला. प्रकृती ठीक नसल्यामुळे तंत्रशाळेतील शिक्षण त्याला अर्धवट सोडावे लागले. पुढे पॅरिसला येऊन तो घड्याळे बनविण्याच्या कामाला लागला. घड्याळातील बारीक चक्रांवर स्थिरावलेली नजर आणि सरावलेली बोटे त्याला विजेची यंत्रे घडविताना उपयोगी पडली.

या वाहनातील प्रत्येक वस्तू त्रुव्हेनेच शोधून काढली होती काय? नाही. सायकल इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात बनलेली होती. पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधली होती. मोटर मूळची जर्मनीतील सीमेन्स यांची. ती त्रुव्हेने सुधारून घेतली. निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेल्या या वस्तू एका सांगाड्यावर एकत्र आणणे, हे त्याचे खरे कर्तृत्व होय. पुढे १८९५ साली ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन माणसाने, मोटर मागच्या चाकाच्या मध्यभागी बसविलेल्या सायकलीचे पेटंट मिळविले. आजही अनेक विजेच्या सायकलींची मोटर तेथेच असते.

त्रुव्हेप्रमाणेच जुळवाजुळव करून आज कित्येक हौशी लोक घरी विजेची सायकल बनवितात. बॅटरी वीज साठविते, मोटर चाक फिरविते आणि मोटरीला किती वीज द्यावयाची हे दोहोंमधील नियंत्रक ठरवितो. याचा हिशेबही सोपा आहे. ३६ व्होल्टची, १० अँपिअर-तासांची बॅटरी ३६० वॅट-तास ऊर्जा देते. २५० वॅटची मोटर पूर्ण शक्तीने चालविली, तर ही ऊर्जा दीड तासही पुरणार नाही. मात्र चालविणाऱ्याने पायांची जोड दिली, तर तीच बॅटरी त्याला अधिक दूर नेते.

माझ्या एका विद्यार्थ्याने हा सारा हिशेब चोख केला होता. वडिलांची जुनी सायकल आणि विकत आणलेली मोटर व बॅटरी घेऊन तो सुट्टीभर खपला. शाळेच्या पटांगणात त्याची गाडी धावू लागली, तेव्हा मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पटांगण संपत आले. त्याने ब्रेक दाबला. परंतु झिजलेली रबरे नुसतीच घासत राहिली आणि गाडी कुंपणाच्या मेंदीत शिरली! मी धावत जाऊन त्याला उठविले. सुदैवाने कोपर खरचटण्यावर निभावले होते. कपड्यांवरची धूळ झाडीत तो म्हणाला, "सर, धावण्याची तयारी सगळी केली, थांबण्याची तेवढी राहिली."

मी त्याला रागावलो नाही. वर्गात नेऊन फळ्यावर एक नियम लिहून दाखविला. वेग दुप्पट झाला, की गाडीची गतिज ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून ब्रेकचा जोर तेवढाच असेल, तर ताशी १० किलोमीटर वेगाच्या गाडीला थांबण्यास जेवढे अंतर लागते, त्याच्या चौपट अंतर ताशी २० किलोमीटर वेगाच्या गाडीला लागते. शिवाय मोटरीचे आणि बॅटरीचे वजन असते ते निराळेच.

पुढच्या आठवड्यात त्याने नवी रबरे बसविली. ब्रेक दाबताच मोटरीची वीज बंद व्हावी, असा खटकाही जोडला. मग पटांगणात खडूने एक रेघ ओढून त्याने गाडी बरोबर त्या रेघेवर थांबवून दाखविली, एकदा नव्हे, दहा वेळा. मुलांना त्यात फारशी मौज वाटली नाही आणि टाळ्याही थोड्याच पडल्या. मला मात्र तो त्या दिवशी खरा कारागीर वाटला.

स्वाध्याय

१. त्रुव्हेने आपल्या वाहनासाठी कोणकोणत्या वस्तू एकत्र आणल्या?
२. 'थांबण्याची तेवढी राहिली' असे विद्यार्थी का म्हणाला?
३. दुसऱ्या वेळी टाळ्या थोड्या पडूनही लेखकाला तो विद्यार्थी खरा कारागीर का वाटला, ते तुमच्या शब्दांत लिहा.