चावताना जबडा भरून येतो का?

कानाच्या थोडं पुढे, गालावर बोटं ठेवा आणि दाढा घट्ट आवळा. बोटांखाली जो टणक फुगवटा जाणवतो तो मॅसेटर, म्हणजे घास चावणारा मुख्य स्नायू. त्याला रक्त कुठून मिळतं हे पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जाणून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मानेतून वर येणाऱ्या बाह्य कॅरोटिड धमनीला जबड्याच्या सांध्यामागे मॅक्सिलरी धमनीचा फाटा फुटतो. तिचीच एक बारीक शाखा म्हणजे मॅसेटरिक धमनी. खालच्या जबड्याच्या हाडाला वरच्या काठावर खाच असते. त्या खाचेतून ही धमनी बाहेर येते आणि आतल्या अंगाने स्नायूत शिरते. ती सांध्याच्या इतकी लगत असते की तिथली शस्त्रक्रिया करताना सर्जन तिला फार जपतात.

मॅसेटर तिच्या एकटीच्या भरवशावर नसतो. चेहऱ्याच्या धमनीतून आणि गालावरून आडव्या जाणाऱ्या आणखी एका शाखेतूनही त्याला रक्त पोचतं. म्हणूनच भाकरीचे चार घास चावले की जबडा भरून येतो, थांबलं की बरं वाटतं, चावायला घेतलं की पुन्हा दुखतो, असं होत असेल तर एकाच वेळी अनेक धमन्यांना सूज आल्याची शंका घ्यावी लागते. हा जायंट सेल आर्टेरायटिस. आपल्याकडे तो कमी दिसतो आणि त्यामुळेच लवकर ध्यानात येत नाही. जोडीला कानशिलं ठणकतात, केस विंचरताना डोकं हुळहुळतं, बारीक ताप राहतो, वजन उतरतं. डोळ्यापुढे अंधारी आली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या तपासण्यांसाठी रक्त घेऊन स्टेरॉइड लगेच सुरू करतात, बायोप्सीच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत. दाताचंच दुखणं समजून दाढ काढून घेऊ नका.

चावताना नव्हे, तर जिना चढताना जबडा दुखत असेल तर आधी हृदयाची तपासणी.

तोंडच उघडत नसेल तर गोष्ट वेगळी. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी गुटखा, सुपारी चघळणारे वाशीच्या बाजारापासून पनवेलपर्यंत भेटतात. सुपारीने गालाचं अस्तर ताठर होतं, आणि त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये बसतात का पाहा. बसत नसतील तर सुपारी आजच सोडा आणि दंतवैद्यांना किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात तोंड दाखवा. गरज पडली तर खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे.