आयर्विन पुलाखाली महापूर

प्रश्न : लघुपटात सांगलीच्या आयर्विन पुलाखालून वाहणारा महापूर दाखवायचाय. पाणी संगणकावर करू. आधी काय तयारी लागेल?

उत्तर : कोल्हापूरचे चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर चित्रीकरणाआधी रेखाटनं करत. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. मग पुलावर जाऊन कठडा, कमानी, कॅमेऱ्याची उंची मोजा. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ठोकळेबाज पूल उभारा. प्रत्यक्षात वापरणार तीच लेन्स आणि सेन्सरचं माप तिथल्या कॅमेऱ्याला द्या. हे चुकलं तर पुढचं सगळं वाया! ऑगस्ट 2019मध्ये पुलापाशी पाण्याची पातळी 57 फुटांवर गेली होती, तीच धरा. चौकटीत पाणी किती दिसतं, यावरच खर्च ठरतो. कॅमेरा शक्यतो स्थिर ठेवा. चित्रीकरण ढगाळ दिवशीच करा. कडक उन्हाच्या सावल्या पावसाळी पुराशी जुळत नाहीत.