गुरू म्हणवून न घेता शिकवायचं कसं?

प्रश्न : आमच्या मंडळीत नव्याने विश्वासात आलेल्यांसाठी शिष्यत्वाचा वर्ग सुरू होतोय. पण मत्तयाच्या २३व्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना गुरू म्हणवून घ्यायला मनाई करतो. मग ख्रिस्ती शिष्यत्वात शिक्षकाचं स्थान काय? चांगला शिक्षक ओळखायचा कसा?

उत्तर : त्या अध्यायात येशूचा रोख शिकवण्यावर नाही, मानासाठी शिकवणाऱ्यांवर आहे. मेजवानीत मानाची जागा हवी, बाजारात नमस्कार हवेत, आणि लोकांच्या खांद्यावर लादलेल्या ओझ्यांना स्वतः बोटही लावायचं नाही, अशांवर. त्याच शुभवर्तमानाच्या शेवटी तो शिष्यांना शिकवायलाच पाठवतो. फक्त शिष्य करायचे ते ख्रिस्ताचे, आपले नव्हेत. हे बोलायला सोपं आहे, पाळायला फार कठीण.

मला इथे प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे जोडपं आठवतं. राहुट्या करणारी ही माणसं. करिंथात पौल त्यांच्याच घरी राहिला, त्यांच्याबरोबर त्याच धंद्यात राबला. त्यांचं बरंचसं शिक्षण हातात काम असतानाच झालं असणार, असं मला वाटतं. पुढे इफिसात आलेल्या अपुल्लोसाचं भाषण त्यांनी सभास्थानात ऐकलं. मोठा वक्ता, शास्त्रात पारंगत; पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. या दोघांनी त्याला चारचौघांत खोडून काढलं नाही. जवळ बोलावून घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. त्याला अखयाला जायचं होतं, तेव्हा तिथल्या शिष्यांनी त्याचं स्वागत करावं म्हणून इफिसातल्या बंधूंनी पत्र दिलं. कोणी त्याला आपल्यापाशी अडवून ठेवलं नाही. शिकवलेला माणूस आपल्यापेक्षा मोठ्या कामाला लागला तरी ज्याला उणेपणा वाटत नाही, तो चांगला शिक्षक.

उलट करिंथात काय झालं? कोणी पौलाचा म्हणवू लागला, कोणी अपुल्लोसाचा. पौलाने स्वतःचा गटही मान्य केला नाही.

दुसरी खूण म्हणजे प्रश्न ऐकण्याची तयारी. मूळचे इंग्रज असलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले आणि तिथलेच झाले. १६१६ साली छापलेल्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच एक नवख्रिस्ती विचारतो, की जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय? पोर्तुगीज अमलात लोकांचे धर्मग्रंथ बळाने हिरावले गेले, तो अन्याय होताच. तो झाकून या ग्रंथाचं कौतुक करू नये. पण स्टीफन्सनी तो प्रश्न दडपला नाही. ग्रंथातच त्याला जागा दिली आणि लोकांच्या मराठीत, त्यांच्या ओळखीच्या ओवीत हजारो ओव्या रचून उत्तर दिलं.

तुमच्या वर्गासाठी शिक्षक निवडताना त्याचं वक्तृत्व आधी पाहू नका. त्याच्या घरी जा. घरची माणसं, कामाला येणारी माणसं त्याच्याशी मोकळी बोलतात का ते पाहा. ‘मला ठाऊक नाही, आपण मिळून शास्त्रात पाहू’ असं तो म्हणू शकतो का ते पाहा. आणि वर्गाचा निम्मा वेळ प्रश्नांसाठी राखा, अगदी पहिल्या आठवड्यापासून.